पंख मिटलेलं विमान

फलटणजवळच्या आमच्या गावात घरटी एक फौजी, पण सगळे पायदळातले. नौदलात गेलेले एकटे माझे वडील. आबा. विमानवाहू जहाजाच्या डेकवर विमानं ढकलायची आणि साखळीनं बांधायची, हे त्यांचं काम. पारावर बसून ते सांगायचे, "आमचं इमान पंख मिटून हुबं ऱ्हायाचं. नाकाला मोठा पंखा हुता." एवढं म्हटलं की सगळा पार हसायचा. "पंख मिटाया ती काय कोंबडी हाय व्हय?" असं एकानं विचारलं, आणि पुढं कित्येक वर्षं आबांना बघितलं की कुणीतरी कोंबडीसारखं ओरडायचंच. शेवटी आबांनी तो विषयच टाकला.

मी सांगलीत एका कारखान्यात लेथवर आहे. नाद एकच, प्लास्टिकची मॉडेलं जोडायचा. गेल्या साली आबांच्याच जहाजाचा किट मागवला. दोन फुटी जहाज एकदम झकास, पण विमानं भलतीच! जहाज आबांच्या काळातलं आणि त्यावर चकचकीत जेट, तीही आबा निवृत्त होऊन शेतीला लागल्यावर कितीतरी वर्षांनी नौदलात आलेली. आणि डब्यावर 'अस्सल' म्हणून छापलेलं. अरे, लाजा कशा वाटत नाहीत!

जेट डब्यातच ठेवली आणि आबांचं विमान स्वतः बनवायला घेतलं. घरी एकच धूसर फोटो, त्यात विमान अर्धंच. मग दर रविवारी गावी जाऊन विचारायचं, पंख नेमका कुठून दुमडतो? आबा उठून दोन्ही हात वर करून दाखवायचे. करड्या रंगावरून तर आम्ही बापलेक दोन दिवस भांडलो. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून फिरता पंखा केला. करंगळीएवढ्या विमानाला तीन महिने लागले.

गणपतीत मंडळानं नौदलाचा देखावा ठरवला. अध्यक्ष म्हणजे माझा शाळेतला दोस्त. जहाज डब्यासकट देताना मी अट घातली: आबांचं विमान सगळ्यात पुढं, आणि उद्घाटन आबांच्या हातून. "गड्या, एकदा गावासमोर त्यांचं खरं ठरू दे." त्यानं हातात हात देऊन शब्द दिला.

उद्घाटनाला मी पोचलो तर डेकवर डब्यातली सहाच्या सहा जेट, खाली लाल दिवे लुकलुकतायत. आबांचं विमान टेबलाखाली, कापसात गुंडाळून. दोस्त म्हणाला, "तालुक्यातनं परीक्षक येणार हायेत रं. तुझं इमान लय जुनाट दिसतंय." केसानं गळा कापला लेकानं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमान खिशात घातलं आणि जेट उपटायला हात घातला, तेवढ्यात माईकवर आबांचं नाव पुकारलं. मी थांबलो. म्हटलं, बरं झालं. आता भर गावात आबाच सांगतील, ही विमानं खोटी आहेत म्हणून.

आबा जहाजावर वाकले. चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं. मग पुढच्या जेटवर बोट ठेवून माईकवर म्हणाले, "ह्येच इमान. ह्येच ढकलायचो मी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पारावरच्या त्या कोंबडीवाल्यानंच पुढं होऊन आबांच्या गळ्यात हार घातला.

मी मात्र थोबाडीत बसल्यासारखा उभा. दोस्तानं फसवलं ते एक वेळ सोडा, पण ज्याच्यासाठी तीन महिने डोळे फोडून घेतले त्यानंच? ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. ही म्हण सख्ख्या बापाला लावावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

घरी आल्याआल्या विचारलं, "आबा, खोटं का बोलला तुमी?"

ते हार काढून खुंटीला अडकवत होते. "खरं सांगत हुतो तवा कुणी ऐकलं का रं? आज पयल्यांदा ऐकलं."

मी खिशातलं विमान काढून त्यांच्यापुढं धरलं. "मग ह्याचं काय?"

आबांनी ते तळहातावर घेतलं. मिटलेल्या पंखांवरून अंगठा फिरवला, नखानं पंखा हळूच फिरवून बघितला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"आगदी आसंच हुतं," ते म्हणाले आणि विमान माझ्या हातात परत दिलं. "सांगलीला घिऊन जा. हितं कुणी बघितलं तर मी खोटा पडंन."