भिंगारातलं पय्यां

नगरजवळ भिंगारला आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, तेव्हा अंगणापलीकडच्या खोलीत एका फौजीची बायको राहायची. गढवालकडची, माझ्याच वयाची. माहेराहून येताना तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून एक रोप आणलं होतं, रेल्वेत मांडीवर धरून. त्याला ती पय्यां म्हणायची. तिकडची रानचेरी. अंगणाच्या कोपऱ्यात लावलं आणि बघता बघता ते डोक्याएवढं झालं. पानांत विशेष काही नव्हतं, पण साल! घासलेल्या तांब्यासारखी लालसर, चकचकीत, आणि तिच्यावर बारीक आडव्या रेघा. येता-जाता मीही हात फिरवायची.

"ऐन थंडीत फुलतं," ती तिच्या हिंदीत सांगायची. "सगळा डोंगर गुलाबी होतो."

मग लढाई लागली. तिचा नवरा सरहद्दीवर गेला. लढाई संपली तरी त्याची खबर येईना. ती जेवायचीच नाही. मी ताट घेऊन गेले की माझ्या आग्रहाखातर दोन घास खायची. शेवटी त्याच्याच पलटणीतला एक जवान दारात आला. नवरा जिवंत होता, डावा पाय मात्र गुडघ्याखाली गेला होता.

"जिंदा है ना?" तिनं पुन्हा पुन्हा विचारलं.

त्यानंतर ती दर रविवारी एस.टी.नं पुण्याच्या लष्करी इस्पितळात त्याला भेटायला जाऊ लागली.

पुढच्या साली पाऊसच झाला नाही. आमच्या गावाकडची, काष्टीची विहीर आटली, तशा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे आल्या. इथंही नळाला दिवसाआड पाणी. शेजारीण झाडाला तांब्याभर पाणी घालताना त्यांनी पाहिली.

"मान्सं तहानल्यात, अन् हिला झाडाचं कौतिक!"

तिला शब्द कळले नसतील, पण सूर कळला. तिनं पाणी घालणं बंद केलं. पानं गळू लागली. मला राहवेना.

"आत्याबाई, ते तिच्या माहेरचं झाड आहे हो. दुसरं कोण आहे तिला इथं?"

त्या माझ्यावरच डाफरल्या, "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी न्हाणीतला पाट झाडाच्या बुंध्याशी नेऊन टाकला. माझी तान्ही लेक तेव्हापासून तिथंच, आजीच्या पायांवर न्हाऊ लागली. पाणी थेट आळ्यात. "डाळीच्या पिठाचं पानी हाय, झाडाला सोसतं," असं त्या शेजारणीला मराठीतच सांगायच्या. ती हसून मान डोलवायची. हळूहळू नातीच्या अंगाला तेल लावायचं काम तिच्याकडेच गेलं.

नवरा लाकडी पाय लावून परतला. पेन्शन घेऊन दोघं गावी निघाली. निघताना आत्याबाईंनी तिला पाटावर बसवून ओटी भरली. तांदूळ, नारळ, माझ्या पेटीतला नवा खण.

"ये क्या है, माँजी?"

"लेक निगाली की भरत्यात," आत्याबाई म्हणाल्या.

मला ते हिंदीत नीट सांगता येईना. पण तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पय्यां आमच्याकडे कधी फुललं नाही. नगरची थंडी त्याला पुरली नसावी. दोनेक उन्हाळ्यांनी ते वाळलं आणि घरमालकानं तोडलं. आत्याबाई तोवर काष्टीला परतल्या होत्या. मी चाचरतच त्यांना सांगितलं.

"जगलं तेवढं जगलं," त्या म्हणाल्या. "पोरगी तिकडं सुखात असली म्हंजी झालं."