रामदास कडूचा मौन महिना

रामदास कडूला बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून एकोणीस वर्षं झाली होती. धूलकोटची गाडी कितीला, नेपानगरची कोणत्या फलाटाला, हेच दिवसभर, आणि मधूनमधून माइकवर घोषणा. मार्चमध्ये घसा बसला तो उघडेचना. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही."

"मग घरीच बसा ना," बायको सुमित्रा म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली. खुर्ची एकदा सोडली की परत मिळत नाही, हे त्याला माहीत होतं.

त्याने पुठ्ठ्यावर सगळ्या गाड्यांच्या वेळा लिहून काचेला लावल्या. तरी लोक वाकून विचारायचेच. तिसऱ्या दिवशी वैतागून त्याने खाली एक ओळ लिहिली : 'पाटीच्या अगदी खाली उभा असलेला माणूसच पाटीवरचं विचारतो.' चौथ्या दिवशी आणखी एक : 'तुम्ही चहा सांगितला की गाडी लागते; चहा आला की गाडी सुटते.'

रोज कॉलेजला जाणाऱ्या हिमानीने फोटो काढला आणि तो गावभर फिरला. सिंधीपुऱ्यातून पोरं नुसती वाचायला येऊ लागली. 'कडूचे कायदे' म्हणत हसायची, सेल्फी काढायची आणि जाताना विचारायची, "काका, नेपानगर की गाडी कब है?"

स्टँडचे मॅनेजर भूपेंद्र खूश झाले. "कडूजी, आप तो फेमस हो गए! रोज एक नया चाहिए."

आता हसवणंही ड्यूटीत आलं. रामदास जेवतानाही पुठ्ठ्याकडे बघत बसायचा. सुचायचं काही नाही.

एका दुपारी मालूबाई खिडकीशी आली. सत्तरीची, काखेत बोचकं. "भाऊ, धूलकोटची गाडी कुठं लागते?"

त्याने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"मले वाचता नाही येत, बाप्पा."

मागच्या पोराने तिला कायदा वाचून दाखवला. रांग खदखदून हसली. मालूबाई हसली नाही. "ते राहू दे. गाडी सांग."

रामदास उठला, दार उघडून बाहेर आला आणि तिचं बोचकं घेऊन चालू लागला. चौथ्या फलाटावर गाडी नव्हती. तिथला एक कंडक्टर म्हणाला, तासभर लागेल. मालूबाई बाकावर टेकली.

"तूबी बस. लई थकेल दिसतोस."

तो बसला. खिडकीपुढे रांग वाढत होती, भूपेंद्र हातवारे करत होते. तो हलला नाही. गाडी आली तेव्हा त्याने तिला खिडकीजवळची जागा धरून दिली.

त्या दिवसानंतर त्याने नवीन कायदा लिहिला नाही. आवाज परत आला, पण अर्धाच. घोषणा आता मशीन करतं. रामदास म्हाताऱ्याकोताऱ्यांना फलाटापर्यंत पोचवतो. भूपेंद्रनी थोडी कुरकूर केली, मग सोडून दिलं.

संध्याकाळी सुमित्रा तेल गरम करून ठेवते. घशाची तो आता तक्रार करत नाही. हल्ली चालून चालून गुडघे दुखतात.