आक्काचा पेपर

कॉलेजच्या शिपायाने आक्काला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." आक्का लगेच थांबली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, कडेवरच्या पोरीला घट्ट धरून फाटकाशी उभी राहिली. मी म्हणाले, "ह्या पालक नाहीत. ह्यांनाच प्रवेश घ्यायचाय." शिपायाने आधी आक्काकडे बघितलं, मग पोरीकडे, आणि हसला. मला त्या हसण्याचा असा संताप आला की मी आक्काचा हात धरून तिला जवळजवळ ओढतच आत नेलं.

आक्का माझी थोरली बहीण. नवऱ्याच्या दारूला आणि माराला कंटाळून ती माहेरी आली, तेव्हा पोरगी पोटात होती. आता पोरगी चालायला लागली होती आणि सासरचं कुणी तिचं तोंड बघायलाही फिरकलं नव्हतं. आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, कोरडवाहू. शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब म्हणून आक्का सातवीनंतर घरी बसली. माझ्या वेळेपर्यंत मुलींना एस.टी.चा पास फुकट झाला आणि मी कर्जतच्या कॉलेजात बारावीपर्यंत पोचले. आमच्या दोघींत हुशार कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कुणी बोलायचं नाही, एवढंच. माझी लहानपणीची गणितं आक्का भांडी घासता घासता तोंडी सोडवायची आणि मी लिहून घ्यायचे.

आमच्या कॉलेजात रविवारी मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरत. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली त्यांच्यासाठी पूर्वतयारीची एक परीक्षा होती. ती पास झालं की थेट बी.ए.ला प्रवेश. मी हे फलकावर वाचलं आणि घरी येऊन आक्काच्या मागे लागले. ती म्हणाली, "येडी का काय तू? म्हशी कोन बघंल?" आण्णा, म्हणजे आमचे वडील, बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हशी मी बघतो. तू जा."

आण्णांना शिक्षणाचं वेड होतं. स्वतःला सही करण्यापुरतंच येत होतं, पण भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोला रोज हात जोडल्याशिवाय ते कामावर जात नसत, आणि वस्तीतल्या कुणाचंही पोर पास झालं की पेढा आण्णांच्या हातानेच वाटला जाई.

त्या रविवारी ऑफिसात केंद्राच्या मॅडम होत्या. एरवी आम्हाला मराठी शिकवायच्या. आक्का टेबलासमोर अंग चोरून उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "बसा ना तुम्ही." आक्काने मागे वळून पाहिलं, हे दुसऱ्या कुणाला तरी म्हटलंय अशा समजुतीने. मग कळल्यावर खुर्चीच्या अगदी काठावर टेकली. पुढे आठवडाभर घरात तेच चाललं होतं. "मला 'बसा' म्हनल्या. आन 'तुमी' म्हनल्या. येवढ्या शिकलेल्या बाई!" आई वैतागून म्हणाली, "मग काय तुला उभंच ठिवायचं व्हतं का?"

वर्गात तऱ्हेतऱ्हेची माणसं होती. एक एस.टी.चा कंडक्टर, साखर कारखान्यातले दोघं, शिंप्याची बायको, मिशा पांढऱ्या झालेला एक पोलीस. लेकुरवाळी आक्काच एकटी. पहिल्याच रविवारी पोरीने रडून वर्ग डोक्यावर घेतला आणि आक्का पिशवी उचलून निघाली. मॅडमनी तिला जाऊ दिलं नाही. शेजारची लेडीज रूम उघडायला लावली, दोन बाकं जोडली, त्यावर घरून आणलेली चादर अंथरली, आणि मला म्हणाल्या, "मावशी आहेस ना तू? मग सांभाळ." तेव्हापासून माझे सगळे रविवार त्या खोलीत गेले. भाचीला मांडीवर घेऊन मी भिंतीपलीकडचं ऐकत बसायचे. मॅडमजवळ धड्यांच्या कॅसेटी होत्या. वर्ग सुटल्यावर त्या आक्काला टेपरेकॉर्डर लावून द्यायच्या आणि स्वतः पेपर तपासत बसायच्या. ग्रंथालयाचं कार्डही त्यांनी काढून दिलं. आक्काला कुठे कुठे अडतं ते त्यांना बरोबर कळायचं. एकदा मला म्हणाल्या, "हिला अभ्यासाची भीती नाही गं. हिला आवाज काढायची भीती आहे."

म्हणून दर रविवारी त्या आक्काला उभं करून मोठ्याने वाचायला लावत. पहिल्यांदा भिंतीपलीकडे मला काही ऐकूच आलं नाही. मग कुजबुज ऐकू यायला लागली. पावसाळा लागला तेव्हा एके रविवारी तिचा आवाज इतका स्वच्छ आला की मांडीवरची पोरगी जागी होऊन "आई, आई" करायला लागली. मला रडू आलं. का आलं ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आमच्या वस्तीत विहार होता. विहार म्हणजे पत्र्याचं समाजमंदिरच. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने तिथे रोज दिवेलागणीला ग्रंथ वाचला जाई. आजवर कुणी मास्तर नाहीतर शिकलेला एखादा पोरगा वाचायचा, बायका ऐकायच्या. त्या वर्षी आण्णा उठून म्हणाले, "औंदा माझी लेक वाचंल." आणि आक्काने वाचलं. नुसतं वाचलं नाही, अवघड शब्द आला की थांबून बायकांना समजावून सांगितलं. पोरं आणायच्या निमित्तानेही कधी न येणाऱ्या बायका ज्वारी निवडायचं सूप घेऊन येऊन बसायला लागल्या.

आश्विन पौर्णिमेला समाप्ती. खीर होती, गावोगावचे पाहुणे होते. आमच्यात सोयरीक गुंतलेली असते, त्यामुळे आक्काच्या सासरच्या गावचेही चार जण होते. आक्काने शेवटचं पान वाचलं. पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला, "काय वाचती पोरगी! लई ग्वाड!" झालं. आण्णांनी माईक हातात घेतला. "ही माझी थोरली. कालेजात जाती. परीक्षा झाली की बी.ए.ला बसंल. आपल्या वस्तीतली पैली बी.ए.!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

दिवाळी झाली आणि सासरकडची जीप दारात उभी राहिली.

इतके दिवस ज्यांना सुनेची आठवण झाली नव्हती, त्यांना आता शिकलेली सून घरात हवी होती. बैठक विहारातच बसली. दोन्हीकडचे जाणते एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. दाजी पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून आले होते. सगळ्यांसमोर गुडघे टेकून त्यांनी पंचशील घेतलं. दारूला शिवणार नाही हे म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. त्यांची आई नातीला पोटाशी धरून रडायला लागली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अशा वेळी "नाही" कोण म्हणणार? म्हणणाऱ्याला गावाने दगडाच्या काळजाचा ठरवलं असतं.

आक्का म्हणाली, "परीक्षा झाल्यावर येते."

परीक्षा तीन रविवारांवर आली होती. त्यांच्यातला एक जाणता हसून म्हणाला, "बाय, आमी काय परके हाय का? आता मुहूर्त न्हाई का काय न्हाई, आज गोड झालंय तर आजच चल. परीक्षेला आमी जीप करून आनू की. चार लोकांत शब्द हाय आमचा." आक्काने आण्णांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आण्णा म्हणाले, "शब्द देत्यात ते. हितं बसून देत्यात."

मी ओरडले, "शब्दाचं काय करायचं? तीन आठवडे थांबायला काय होतंय ह्यांना?" आईने दंडाला धरून मला बाहेर काढलं. विहाराच्या भिंतीआड मी आईशी भांडले, तिला नको नको ते बोलले. आई म्हणाली, "तुला कळत न्हाई. तिचा संसार हाय." मला खरंच कळत नव्हतं. आजही कळत नाही.

पण आण्णांचं काय झालं ते मला कळतं. विहारात बसून, शीलं घेऊन माणूस खोटं बोलेल हे त्यांच्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं. तशी शंका घेणं म्हणजे त्यांच्या लेखी आपल्या धम्मावरच शंका घेणं होतं. दुसऱ्या कुठल्या ठिकाणी, दुसऱ्या कुणी हा शब्द दिला असता तर आण्णांनी दहा प्रश्न विचारले असते. इथे त्यांनी एकही विचारला नाही.

जाताना आक्काने पुस्तकं बरोबर नेली. जीपमध्ये ती मांडीवर घेऊन बसली होती, त्यांच्यावर पोरगी.

परीक्षेच्या रविवारी मी आणि आण्णा पहिल्या गाडीने कर्जतला गेलो. तिचं ओळखपत्र मी आदल्या दिवशीच केंद्रातून घेऊन ठेवलं होतं. आण्णांनी धुतलेला सदरा घातला होता. खिशात नवं पेन होतं, तिच्यासाठी घेतलेलं. फाटकाशी कंडक्टर आला, शिंप्याची बायको आली, पोलीस आला. सगळे विचारायचे, "आक्का कुठंय?" आण्णा सगळ्यांना सांगायचे, "येती ना. जीप निघाली आसंल." जामखेडकडून, आक्काच्या सासरच्या वाटेने, एकेक गाडी यायची आणि आण्णा रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचे.

घंटा झाली. मॅडमनी आक्काच्या बाकावर पेपर पालथा घालून ठेवला. उशिरा आलेल्याला अर्धा तास आत घेतात, तेवढा वेळ त्या सारख्या दारात येऊन बघत होत्या. मग त्या यायच्या थांबल्या. मला कळलं, वेळ संपली. आण्णांना कळलं नाही, किंवा त्यांनी कळू दिलं नाही. "जीप पंक्चर झाली आसंल," ते म्हणाले. पेपर सुटून माणसं घरी गेली तरी ते रस्त्याकडे बघत उभे होते. तोवर मी त्यांच्यावर सगळा राग काढायचं ठरवलं होतं. पण तो सदरा आणि ते पेन बघून ते राहूनच गेलं. मी म्हणाले, "आण्णा, चला." ते लहान पोरासारखे माझ्या मागून आले.

नंतर निरोप कळला. सासूला जरा कणकण होती, घरात पाहुणे होते, जीप कुणी सांगितलीच नव्हती. मुद्दाम कुणी अडवलं नव्हतं. त्या घरात कुणाच्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं, एका माणसाशिवाय. मुद्दाम अडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. त्यात दाजींनी दारू खरोखरच सोडली. मग तर बोलायची सोयच उरली नाही. सगळं गाव म्हणायचं, पोरीचं चांगलं झालं. आण्णाही मान हलवायचे. पण पुढच्या वर्षावासात ते विहारात सगळ्यांच्या मागे, दाराशी बसायला लागले, आणि पेढे वाटायला दुसऱ्याला पुढे करायला लागले.

मॅडमनी तो उरलेला पेपर माझ्याजवळ दिला होता. "तिला दे. पुढच्या खेपेला उपयोगी पडेल," म्हणाल्या. उन्हाळ्यात मी आक्काकडे गेले तेव्हा तो घेऊन गेले. आक्काला पुन्हा दिवस गेले होते. पुढची खेप नाही, हे मला तिला बघताच कळलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. सासू बाहेर अंगणात होती. मी पेपर काढला तेव्हा तिने हात पिठाचे म्हणून तो घेतला नाही. म्हणाली, "वाच."

मी हळू आवाजात वाचायला लागले. प्रश्न, मग खालचे चार पर्याय. आक्का तव्यावरची भाकरी उलटायची आणि उत्तर सांगायची. पर्याय पुरे वाचून व्हायच्या आधीच सांगायची. शेकडेवारीचं गणित तिने पीठ मळता मळता सोडवलं. एक-दोन ठिकाणी अडली, चुकली, पण बाकी सगळं बरोबर. मधे सासूने हाक मारली, "झाल्या का भाकरी?" आक्का म्हणाली, "व्हय, झाल्याच आत्या," आणि मला डोळ्यांनी खुणावलं, पुढचा वाच. शेवटचा प्रश्न झाला तेव्हा टोपली भरली होती.

"झाले आस्ते का गं पास?" तिने विचारलं.

"पहिली आली असतीस," मी म्हणाले, आणि तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून आले होते तरी रडले.

ती रडली नाही. जाळ मागे ओढला, हात धुतले, मग तो पेपर घेऊन एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत नजरेखालून घातला आणि घडी करून मला परत दिला. "ह्ये बघ," ती म्हणाली, "आण्णास्नी ह्यातलं काय सांगू नको. त्येंनी इच्यारलं तर म्हनावं, पेपर लई अवघड हुता. आक्काला काय जमला नस्ता."

घरी आल्यावर आण्णांनी विचारलंच. तिचं कसं चाललंय, पोरगी काय म्हणते, हे सगळं विचारून झाल्यावर, खूप वेळाने. मी तिने सांगितलं तसंच सांगितलं. आण्णा बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिला आला आस्ता."