कासारणीने धरलेला हात

बांगडी चढवण्याआधी कासारीण हात दाबून बघते, किती मऊ आहे ते. पुतणीच्या लग्नाचा चुडा भरून झाला आणि घरातल्या बायकांची पाळी आली. माझी सतरा वर्षांची मुक्ता "मला नकोत" म्हणत मागे सरकली. मीच तिला ओढून पाटावर बसवलं.

कासारणीने तिची बाही वर सारली आणि थबकली. हातभर व्रण होते, जुने आणि नवेसुद्धा. मुक्ताने स्वतःच केलेले. पोरगी भर वैशाखात पूर्ण बाह्या घालते, उन्हाला किती जपते, असं मी कौतुकाने सांगत फिरत होते!

"हे काय केलंस?" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याआधीच कासारणीने त्या हातावर आपला पदर टाकला आणि हळूच विचारलं, "लई दुखतंय का गं, बाळा?"

मुक्ता हमसून रडली. "हो," म्हणाली.

दोघींनी मिळून डॉक्टरांकडे जायचं, हे मी तिथेच ठरवलं. पण एक गोष्ट अजून सलते. त्याआधी मी तिचा हात कधी धरला होता, ते मला आठवेना. आठवला तो एवढाच, ओढून पाटावर बसवताना धरलेला.