कुसुमनं पकडलेली टुकटुक

परवा दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला आणि संगमनेरची एक दुपार आठवली. मी जुळवलेल्या रेडिओवर रशियन अंतराळयानाचे संदेश शोधून दमलो आणि झोपलो. धाकटी बहीण कुसुम मात्र कान लावून बसली. तिनंच ती बारीक टुकटुक पकडली, वेळ टिपून ठेवली, मला उठवलं.

संध्याकाळी बातमी ऐकून कॉलेजचे सर ती नोंद बघायला आले. "कुणी पकडलं?"

"मी," मी म्हणालो. चहा आणणारी कुसुम दारातच थांबली.

सर गेल्यावर मी तिच्यापुढे घुटमळलो. "असू दे रे दादा," ती म्हणाली, "मला कुठं कॉलेजात जायचंय?"

सरांच्या शिफारशीनं मी पुण्याला शिकायला गेलो. कुसुमचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. तिच्या त्या बोलण्यानं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेच आज सगळ्यात जास्त खुपतं.