मुका काटा

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. माझ्या गाईडना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमची-माझी ओळख नाही — आणि मला आता माझाच वैताग आलाय.

माझं काम तसं साधं. वय झालं की तळपायांची जाणीव बोथट होते, तोल जातो, खेळ सुटतो. पण जन्मभर मैदानात राहिलेल्यांचीही होते का? मला वाटायचं, नाही होत. वाटायचं कसलं — तसंच निघायला हवं होतं. पीएचडी लई रखडली होती आणि घरीदारी विचारून विचारून लोकांनी डोकं उठवलं होतं.

तपासणी नादकाट्यानं करायची. पोलादी काटा ठोकायचा, थरथरत असताना पायाच्या अंगठ्यावर टेकवायचा आणि विचारायचं, कळतंय का? मधूनच तो न ठोकता टेकवायचा. मुका. त्यालाही समोरचा ‘व्हय’ म्हणाला, तर ती तपासणी बाद. नियम मीच घातलेला.

आता अडचण बघा. आपल्याकडं बाई पायाशी बसली, अंगठ्याला हात लावला, की म्हातारा माणूस कानकोंडा होतो. कधी एकदा ती उठते असं होतं त्याला. मग काहीही विचारा, तो ‘व्हय’ म्हणून मोकळा होतो. ते उत्तर नसतंच. पलंगावर आडवं करून, मध्ये चादर धरून तपासता आलं असतं की! पण तेवढा खटाटोप कोण करणार? मीच करायचा होता ना — नाही केला.

शिवरामतात्या मूळचे लासूर स्टेशनचे, तेव्हा शहरात पुंडलिकनगरला लेकाकडं राहायचे. एकेकाळी कबड्डीत त्यांची चढाई बघायला गावोगावची माणसं यायची. मी पायाशी बसले तसे ते आक्रसून गेले. मी मुका काटा टेकवला.

“व्हय, कळतंय. उठ माय.”

पुन्हा मुकाच टेकवला. पुन्हा व्हय. मग ठोकून टेकवला, तरी तेच आणि त्याच सुरात. थरथर खरंच कळली असती, तर सूर तरी बदलला असता. त्यांच्या पायांना काही कळत नव्हतं, हे मला तिथंच कळलं. मी मात्र ‘जाणीव उत्तम’ अशी नोंद केली. मला असाच म्हातारा हवा होता.

पण इथवरची फक्त लबाडी होती. जाताना त्यांनी विचारलं, “मग खेळू का माय?” आणि मी म्हणाले, “खुशाल खेळा, तात्या.” का म्हणाले? नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. एवढंच.

उन्हाळ्यात छावणीजवळच्या मैदानावर जुन्या खेळाडूंचा सामना होता. प्रमुख पाहुणे वेळेवर आले नाहीत म्हणून भर दुपारी सगळे अनवाणी ताटकळले. माती अशी तापलेली की बाकीचे पाय उचलत मांडवात पळाले. तात्या तसेच उभे. लोक म्हणाले, बघा म्हाताऱ्याचा दम. टाळ्या पडल्या. ते का उभे आहेत, हे त्या मैदानात फक्त मला माहीत होतं. एक हाक मारायची होती — तात्या, सावलीत या. माझ्या शेजारी माझे गाईड बसले होते. मी टाळ्या वाजवल्या.

तळपाय भाजले, ते घरच्यांना चादरीवर डाग दिसले तेव्हा समजलं. मग रक्तात साखर निघाली. जखम भरेना. शेवटी उजवं पाऊल अर्धं काढावं लागलं.

मी भेटायला गेले. सून म्हणत होती, पाय आधीपासनंच खराब असतील. तात्या तिच्यावर तडकले.

“नाय! मॅडमनी सोता तपासले व्हते. ठणठणीत व्हते. इचार तिला.”

सून माझ्याकडं बघत राहिली. मी मान हलवली — हो म्हणून.

निघताना रीतीप्रमाणं वाकले. हात उजव्या पायाकडं गेला, तिथं अंगठा नव्हता, नुसती पट्टी होती. तात्या पुन्हा तसेच आक्रसले.

“व्हय, व्हय. उठ माय.”

मी उठले आणि रिक्षा करून घरी आले. आता माझ्या नावामागं डॉक्टर लागतं. दर वर्षी नव्या पोरांना नादकाटा मीच शिकवते आणि मुका काटा कधी चुकवू नका, असं बजावून सांगते. तात्या अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, पाय ठणठणीत व्हते, मॅडमनी तपासले व्हते.