मॉडेलकाकांची जागा

गाडी घेतली की माणसं फिरायला लागतात. आमच्या नायगावच्या चाळीतल्या मॉडेलकाकांनी गाडी घेतली आणि होतं ते फिरणंही बंद केलं. जिन्यासमोर एका छोट्या हॅचबॅकपुरती जागा त्यांनी पटकावली होती. आपण हललो की दुसरा कोणी ती मारणार, ही त्यांची खात्री होती. दसऱ्याला चाकाखालची लिंबं चिरडण्यापुरती गाडी हातभर पुढे जाई आणि लगेच मागे येई. झालं सीमोल्लंघन!

त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक. गाडी दोन मालकांच्या हातून आलेली, पण काका तिच्या खानदानाचा इतिहास भटजींनी गोत्र सांगावं तसा सांगत. "पयल्या मॉडेलाक डावीकडे आरसोच नाय होतो. कित्याक? तेवा डावीकडसून कोण घुसाचो नाय. माणसा सज्जन होती." मग चोक ओढायचा जमाना, मग पाचवा गिअर. एसी आला आणि गाडी शेफारली, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या गाडीला एसी नव्हता, हे सांगायला नकोच. कंपनीने ते मॉडेल कायमचं बंद केल्याची बातमी आली, त्या दिवशी बुधवार असूनही काकांनी मासे खाल्ले नाहीत. मालवणी माणसाचं यापेक्षा मोठं सुतक मी पाहिलेलं नाही.

बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी सकाळी मात्र ते दादरच्या पंपावर पेट्रोल भरायला जात. तेवढा वेळ जागा कोण धरणार? तर काकी. त्या स्टूल आणि मेथीची जुडी घेऊन रिकाम्या जागेच्या मधोमध बसत. कोणी हॉर्न वाजवलाच तर मान वर न करता म्हणत, "घाल माझ्या अंगार!" कोणी घातली नाही. पण यात एक गंमत होती. गाडी हलली की काकी स्टुलावर, त्यामुळे चालत्या गाडीत त्या कधी बसल्याच नव्हत्या.

काकींची इच्छा साधी होती. देवगडच्या माहेरी अंगणात स्वतःच्या गाडीतून उतरायचं, आणि ते वहिनीने बघायचं. काका दर गणपतीत म्हणत, "पुढच्या वर्षी." विसर्जनाला सगळे 'पुढच्या वर्षी लवकर या' ओरडत, तेव्हा काकी बाप्पाकडे न बघता काकांकडे बघत.

शेवटी टॉवरसाठी चाळ रिकामी करायची वेळ आली. सामान गेलं, पत्रे ठोकले गेले. काकांनी गाडी चालू केली आणि पुढचं दार उघडलं. काकी सवयीने स्टूल शोधत होत्या.

"जागा कोण धरतलो?"

"जागाच रवली नाय. बस गो."

चाळ सोडताना मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. गाडी थेट देवगडला गेली. वहिनी नेमकी बाजारात गेली होती, म्हणून काकींनी काकांना गाडी परत रस्त्यावर न्यायला लावली, आणि वहिनी आल्यावर त्या पुन्हा अंगणात उतरल्या. हे काकांनीच मला फोनवर सांगितलं. वर म्हणाले, "हय जागाच जागा आसा रे. झोप लागणा नाय."

गेल्या वर्षी काका गेले. त्याआधीच गाडीचं वय झालं म्हणून ती भंगारात गेली होती. आता टॉवर झालाय आणि काकींच्या घराच्या नावावर पार्किंगची जागा आहे, चारी बाजूंनी पिवळे पट्टे मारलेली. ती कोणी मारू शकत नाही. काका असते तर त्यांना करमलं नसतं.

परवा रविवारी खाली उतरलो, तर त्या पट्ट्यांच्या मधोमध काकी स्टुलावर मेथी निवडत बसलेल्या. नवा वॉचमन समजावत होता, "आंटी, इधर बैठने का नहीं. गाडी का जगह है."

"मालूम है," काकी मान वर न करता म्हणाल्या. "हमारा आदमी पेट्रोल भरने को गया है. आयेगा अभी."

वॉचमन गेटकडे परतला. मी वर गेलो आणि घरातलं दुसरं स्टूल घेऊन आलो.